कूमने दिलेलं फ्लायव्हील

कूमच्या गोठ्यात उभं राहून कुठल्याही वस्तूची तारीफ करू नये, हे म्लावा नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. स्वेतोझार तर साठी उलटलेला, तीस वर्षं जमीन नोंदणीच्या कचेरीत खिडकीमागे बसून निवृत्त झालेला गृहस्थ. पण त्या दिवशी पोटात आलुबुखाराच्या राकियाचे दोन पेले गेले होते, बाहेर मार्चचा बोचरा वारा होता, आणि दुसऱ्याच्या गोठ्यात उभं राहिल्यावर पाहुण्याने काहीतरी बोलायचं असतं. कोपऱ्यात शहर बसचं एक जुनं डिझेल इंजिन पोत्यांनी झाकून ठेवलेलं होतं. स्वेतोझारने पोतं उचललं आणि म्हणाला, "वा! काय इंजिन आहे, कूम!"

झालं. कूम म्हणजे लग्नात तुमच्या बाजूला उभा राहिलेला, बाप्तिस्म्याला तुमची पोरं हातात धरलेला माणूस. सख्ख्या भावाशी कोर्टात भांडता येतं, बायकोशी घरात भांडता येतं, कूमशी कुठेच भांडता येत नाही. त्याने वाखाणलेली वस्तू त्याला द्यावी लागते, आणि त्याने दिलेली वस्तू घ्यावी लागते. स्वेतोझारच्या कूमने, म्हणजे ओब्रादने, इंजिनाकडे पाहिलं, स्वेतोझारकडे पाहिलं आणि एक आवंढा गिळला.

"तुझंच आहे ते," तो म्हणाला. "उद्या पाठवतो. तुझ्या ट्रकला अगदी फिट बसेल."

तो आवंढा प्रेमाचा होता, असं स्वेतोझारला वाटलं.

आता, स्वेतोझारला इंजिन नको होतं असं नाही. त्याच्या हिरव्या ट्रकचं इंजिन गेल्या मे महिन्यात भर रस्त्यात फुटलं होतं. त्या ट्रकवर मधमाश्यांच्या चाळीस पेट्या कायमच्या बसवलेल्या. दर वसंतात डॅन्यूबच्या वरच्या टेकड्यांवर बाग्रेम फुलतो. हे बाभळीच्या लांबच्या नात्यातलं झाड, पांढऱ्या घोसांनी लगडतं, आणि दहा-बारा दिवसांत सगळा खेळ आटोपतो. त्या दहा-बारा दिवसांत ट्रक तिथे पोहोचला तर वर्षाचा मध, नाही तर ठणठणपाळ. गेल्या वर्षी इंजिन फुटलं ते एका सिमेंटच्या गोदामासमोर, आणि माश्यांनी बाग्रेमचे दिवस सिमेंट हुंगण्यात घालवले. उरलेलं वर्ष स्तामेना, म्हणजे स्वेतोझारची बायको, साखरेचा पाक करकरून त्यांना जगवत होती.

"यंदा फुलांत ट्रक उभा राहिला नाही," तिने नवीन वर्षालाच सांगून टाकलं होतं, "तर चाळीसच्या चाळीस पेट्या झिवादिनला देऊन टाकीन. मग तू बस बागेत बुद्धिबळ खेळत."

झिवादिन हा तिचा भाऊ. त्याच्याकडे पेट्याही होत्या, ट्रॅक्टरही होता आणि प्रत्येक विषयावर मतही होतं. पण स्वेतोझारला खरी धडकी भरली ती बुद्धिबळाने. बागेतल्या त्या बाकांवर नोंदणी कचेरीचे सगळे निवृत्त कारकून बसायचे आणि दर हिवाळ्यात त्यांतला एकेक कमी व्हायचा. माश्या गेल्या की आपला नंबर त्या बाकावर लागणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. सकाळी उठून पेट्यांना कान लावण्यात त्याला जे सुख मिळायचं, ते त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

खरं तर रादिशा मिस्त्रीने त्याच्या ट्रकला चालणारं, त्याच जातीचं जुनं इंजिन भंगारात हेरून ठेवलं होतं. बदलायला दोन दिवस, मिस्त्री म्हणाला होता. पण आता कूमचं इंजिन दारात येऊन पडलं होतं, आणि त्याच्याबरोबर कूमही येऊन बसला होता.

रादिशा मिस्त्री मोजून बोलणारा आणि त्याहून जास्त मोजून काम करणारा. इंजिनाभोवती एक फेरी मारून त्याने खिशातून मोजपट्टी काढली. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असतं, परातीएवढं जाड लोखंडी चाक. त्याच्यावर क्लच बसतो, आणि क्लचमधून गिअरबॉक्सचा दांडा. इंजिन बसचं, गिअरबॉक्स ट्रकचा. म्हणजे ही सोयरीक जुळते की नाही, ते आधी बघायला हवं. मिस्त्रीने पट्टी लावली मात्र, ओब्रादच्या भुवया वर गेल्या.

"हे काय चाललंय?"

"मोजतोय."

"कूमने दिलेली वस्तू मोजतात?" ओब्राद स्वेतोझारकडे वळला. "कूम, मी फिट बसेल म्हणालो होतो ना?"

धर्माची गाय, दात का गं नाय, असं विचारणाऱ्या माणसाला आमच्याकडे कोणी पाणी विचारत नाही. इथे तर फ्लायव्हीलच्या कडेला सव्वाशे दात होते आणि मिस्त्री ते एकेक करून मोजायच्या बेतात होता. स्वेतोझारने त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली.

"मिस्त्री, कूमचा शब्द आहे. चढवा."

"साहेब, माझं काय जातंय," रादिशा म्हणाला आणि चढवायला लागला.

फ्लायव्हील ज्या लोखंडी घरात फिरतं, ते ट्रकचं घर बसच्या फ्लायव्हीलपेक्षा दोन बोटं लहान निघालं. नाकापेक्षा मोती जड. ओब्राद जेवायला घरी गेल्यावर मिस्त्रीने बसचं फ्लायव्हील त्याला न सांगता काढलं आणि त्याच्या जागी ट्रकचं जुनं फ्लायव्हील बसवायचं ठरवलं. त्याला भोकं सहा, इंजिनाला बोल्ट आठ. लेथवर नेऊन आठ भोकं पाडून आणली. संध्याकाळी ओब्राद परत आला तेव्हा स्वेतोझार हात पुसत म्हणाला, "अगदी फिट बसलं, कूम." तीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही खोटी नोंद केली नव्हती. हे वाक्य बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

गल्लीचं म्हणाल तर गल्ली एव्हाना अंगणातच राहायला आली होती. शेजारचा कर्स्मान चाळीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, क्लच ही मुळात नादान लोकांची गरज आहे, रेल्वेला क्लच नसतो आणि रेल्वे कधी अडते का. कोणी म्हणालं, फ्लायव्हीलला लसूण चोळा, घसरत नाही. झिवादिन रोज एकदा ट्रॅक्टर घेऊन यायचा, उतरायचा नाही, वरूनच विचारायचा, "काय दाजी, पेट्या कधी न्यायला येऊ? जागा करून ठेवलीय." आणि पेट्यांमधल्या माश्या उन्हं आली की मिस्त्रीच्या टकलावरून ये-जा करायच्या. मिस्त्रीला त्या कधी चावल्या नाहीत. न बोलणारी माणसं माश्यांना आवडतात, असं स्तामेनाचं मत होतं, आणि ते सांगताना ती नवऱ्याकडे पाहायची.

इंजिन बदललं की कागद बदलावे लागतात. वाहन खात्याच्या खिडकीमागे नेदेल्का बसायची. ही नेदेल्का बारा वर्षांपूर्वी नोंदणी कचेरीत उमेदवारीला आली होती आणि तिला खिडकीमागे बसायला शिकवलं होतं खुद्द स्वेतोझारने. तो जरा ऐटीतच गेला.

"या साहेब! इंजिन कोणाचं?"

"माझं. कूमने दिलं."

"त्याआधी?"

"बस कंपनीचं."

"मग कंपनीचा दाखला लागेल."

"कंपनी बुडाली की गं सात वर्षांपूर्वी!"

"मग बुडाल्याचा दाखला," नेदेल्का गोड हसली. "साहेब, तुम्हीच सांगायचात, ज्याला कागद नाही ते जगात नाही. मी अजून सगळ्यांना तेच सांगते."

स्वेतोझारला तिचा अभिमान वाटला आणि तिचा गळा धरावासाही वाटला. शेवटी ओब्रादकडून बक्षीसपत्र करून आणायचं ठरलं. त्यात नेदेल्काने स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं: "डिझेल इंजिन एक, फ्लायव्हीलसह, निर्दोष." ओब्रादने सही करताना पुन्हा एक आवंढा गिळला. बसचं फ्लायव्हील त्या वेळी स्वेतोझारच्या माळ्यावर मक्याच्या कणसांखाली लपवलेलं होतं.

मेच्या सुरुवातीला येणाऱ्या संत जॉर्जच्या सणाला दोन दिवस उरले होते. खालच्या खोऱ्यात बाग्रेमच्या कळ्या धरल्याची बातमी आली. इंजिन पहिल्यांदा सुरू करायला सगळी गल्ली जमली. ओब्राद पाहुण्याच्या मानाने मधोमध खुर्चीवर बसला, स्तामेनाने प्रोया म्हणजे मक्याचा पाव आणि सायीसारखं कायमाक आणून ठेवलं, झिवादिन ट्रॅक्टरवरून एकदाचा खाली उतरला. मिस्त्रीने किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. पहिलं एक मिनिट स्वेतोझारच्या आयुष्यातलं उत्तम मिनिट होतं. मग मिस्त्रीने जरा वेग वाढवला आणि ट्रकला हुडहुडी भरली. आधी आरसे थरथरले, मग दारं, मग टेबलावरचे पेले चालत चालत कडेला आले. चाळीस पेट्या एका सुरात खडखडायला लागल्या. आपलं घर कोणी असं गदागदा हलवलं तर तुम्ही-आम्हीसुद्धा बाहेर येऊ. माश्या आल्या.

कर्स्मान या वयात कुंपणावरून उडी मारू शकतो, हे त्याच्या बायकोला त्या दिवशी कळलं. झिवादिन ट्रॅक्टर तिथेच सोडून पळाला. सगळी गल्ली स्वेतोझारच्या तळघरात लोणच्याच्या बरण्यांमध्ये दाटीवाटीने उभी राहिली, आणि तिथे लक्षात आलं की इंजिन बंद करायचं राहिलं आहे. बाहेर जायची कोणाचीच, अगदी मिस्त्रीचीही, छाती होईना. टाकीतलं डिझेल संपायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ वर ट्रक अंगणात थयथयाट करत होता आणि खाली ओब्राद नाकाला ओला फडका लावून बसला होता. त्याच्या नाकाचा लाल भोपळा झाला होता. इंजिनाबद्दल कूमला खरं सांगायची हिंमत अख्ख्या गावात फक्त माश्यांनी केली.

सगळे गेल्यावर रादिशा मिस्त्री आठवड्याभराचं एकदम बोलला. "साहेब, या इंजिनाच्या फ्लायव्हीलला एका बाजूला मुद्दाम वजन ठेवलेलं असतं. आतला तोल त्याच्यावर साधलेला. आपण ट्रकचं लावलं, त्याला दोन्ही बाजू सारख्या. म्हणून नाचतंय. असंच चालवलं तर टेकडी चढायच्या आत शाफ्ट मोडेल."

"मग?"

"बसचंच लावायचं. लेथवर घेर कमी करून, तोल पुन्हा तपासून, वर ट्रकचा क्लच. पण एकदा कापलं की ते बसचं राहायचं नाही. कूमला विचारा."

स्वेतोझार त्या दिवशी जेवला नाही. कूमकडे जाऊन म्हणायचं काय? तुझी भेट फिट बसली नाही, मी खोटं बोललो, ती माळ्यावर कणसांखाली आहे, आणि आता मला ती कापायची आहे? चार वाक्यांत चार अपमान. स्तामेना म्हणाली, "मी येऊ का?" त्याला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला, हातात शेवटची मधाची बरणी घेऊन.

ओब्राद अंगणात बसला होता, नाक अजून जांभळं. स्वेतोझार उभ्यानेच सगळं बोलून गेला. एक शब्द लपवला नाही. भोकं, लेथ, माळा, कणसं, सगळं. बोलून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला.

ओब्रादने त्याच्या हातातली बरणी घेऊन बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बसणार नाही ते मला माहीत होतं."

"काय?"

"अरे बाबा, नदीवरच्या पंपाला लावायचं म्हणून आणलं होतं मी ते! दोन वर्षं वाट बघत होतो. तू आलास, पोतं उचललंस आणि म्हणालास, काय इंजिन आहे. आता कूमला मी काय सांगू, हात लावू नकोस?"

"पण मला कुठे हवं होतं! माझं भंगारात ठरलं होतं. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो!"

"आणि फिट बसेल हे मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो!"

ओब्रादला आधी हसू फुटलं, पण हसताना नाक दुखायचं, म्हणून तो नाक धरून हसत राहिला. स्वेतोझार पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. इतकं हलकं त्याला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. इंजिन परत घे म्हणावं तर सण उद्यावर आला होता, बाग्रेम फुलायला आला होता आणि बक्षीसपत्रावर शिक्का बसला होता.

"काप," ओब्राद डोळे पुसत म्हणाला. "हवं तसं काप. आणि ती पट्टी दे त्या मिस्त्रीला परत."

मग रादिशा मिस्त्रीने मोजलं. सगळं मोजलं, दोनदा मोजलं. बसचं फ्लायव्हील लेथवर गोल उतरलं, वजनाची बाजू खडूने खूण करून जपली, एका दांड्यावर फिरवून तोल बघितला. ट्रकचा क्लच त्याच्यावर बसावा म्हणून नवी भोकं पाडली. गिअरबॉक्सच्या दांड्याला दहा खाचा होत्या, तर दहाच खाचांची क्लच प्लेट घेतली. दांड्याचं टोक टेकायला नळीसारखी छोटी पितळेची बुशी करून इंजिनात ठोकली. उरलं ट्रकच्या जुन्या फ्लायव्हीलचं दात्यांचं कडं. ते तापवून फुलवायचं आणि गरम असतानाच कापलेल्या फ्लायव्हीलवर बसवायचं, गार झालं की आवळतं. एवढी एकसारखी आच गॅरेजात कुठून आणणार?

"माझी भट्टी काय फक्त बुरेक भाजण्यापुरती आहे?" स्तामेना म्हणाली.

कडं तिने भट्टीत ठेवलं, पदार्थासारखं दोनदा फिरवलं, लोखंडावर पाण्याचा थेंब टाकून कान दिला आणि म्हणाली, "आता काढा." मिस्त्रीने चिमट्याने उचलून टाकलं ते खट्कन जागेवर बसलं. तीस वर्षांच्या धंद्यात एका फटक्यात बसलेलं कडं मी पाहिलं नव्हतं, असं मिस्त्री म्हणाला. त्यानंतर तिच्यासमोर तो टोपी काढून बोलायला लागला.

तोवर खालच्या खोऱ्यातला बाग्रेम फुलून पिवळा पडत आला होता. वरच्या टेकड्यांवर उशिरा फुलतो, तिथे अजून आठवडा होता. मध्ये फक्त वाहन तपासणी राहिली. तपासनिसाने पेट्या पाहिल्या, खोलीची काच वर केली आणि आतूनच शिक्का उगारला. "पास!"

"न बघता?" स्वेतोझारचा आवाज चढला. "इंजिनाचा नंबर बघितल्याशिवाय शिक्का? शासकीय शिक्का आहे तो!"

"काका, घ्या की कागद!"

"आधी खाली या. नंबर वाचा."

स्तामेनाने कपाळावर हात मारला. तपासनीस डोक्याला शर्ट गुंडाळून आला, नंबर वाचला, एका माशीकडून हाताला प्रसाद घेतला आणि शिक्का जरा तिरका मारला. स्वेतोझारला तिरका शिक्का आवडला नाही, पण स्तामेनाने तोवर त्याला ट्रकमध्ये ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेट्यांची दारं बंद करून निघाले. इंजिन सुताच्या गुंडीसारखं फिरत होतं. माश्यांचा आवाज आतून येत होता तो झोपेतल्या घोरण्यासारखा. डॅन्यूब डाव्या हाताला लागली तसा काचेतून बाग्रेमचा वास आत आला, आणि स्वेतोझारने काच पूर्ण खाली केली. स्तामेनाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शेवटची चढण चिकणमातीची, अरुंद, रात्रीच्या दवाने निसरडी. आणि चढणीच्या मध्यावर, रस्ता अडवून, तोंड वर करून झिवादिनचा ट्रॅक्टर उभा. मागे जाड दोर.

"थांब दाजी, थांब!" झिवादिन ओरडला. "तुझं खेळणं इथून चढायचं नाही. मी ओढतो!"

"बाजूला हो, आम्ही जातो!"

"कुठे होऊ बाजूला? जागा आहे का?" म्हणत त्याने दोर ट्रकच्या नाकाला बांधूनसुद्धा टाकला.

भर चढणीवर, चाळीस पेट्यांच्या वजनासह, उभ्या ट्रकला हलवायचं. क्लचची परीक्षा यापेक्षा कडक नसते. स्वेतोझारने पहिला गिअर टाकला, डोळे मिटले आणि क्लच हळूहळू सोडला. ट्रक ना थरथरला, ना मागे सरकला. चालायला लागला. पुढे ट्रॅक्टरची मागची चाकं मात्र चिखलात जागच्या जागी फिरत होती. दोर सैल झाला, लोंबला, चाकांखालून घसटत गेला. ट्रकचं नाक ट्रॅक्टरच्या पाठीला जाऊन टेकलं, आणि त्याला ढकलत ढकलत सगळी वरात टेकडी चढू लागली. पेट्यांमध्ये एक माशीसुद्धा जागी झाली नाही.

वर पठारावर पोहोचले तेव्हा ऊन पडलं होतं. झाडं पांढऱ्या घोसांनी वाकली होती, वाऱ्याने फुलं ट्रकच्या टपावर पडत होती. झिवादिन ट्रॅक्टरवरून उडी मारून उतरला, छाती पुढे काढली आणि आधीपासून तिथे आलेल्या मधवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "बघितलंस ताई? आणलं की नाही तुझ्या नवऱ्याला ओढून!"

स्तामेना तोंड उघडणार, एवढ्यात स्वेतोझार तिच्या पुढे झाला. समोर उघड उघड खोटी नोंद होत होती, आणि ती खोडायला त्याच्याकडे साक्षीदार होती, पुरावा होता, चिखलात चाकांच्या खुणा होत्या. त्याने वर पाहिलं. एक मोठा घोस अगदी पहिल्या पेटीच्या दारासमोर लोंबत होता.

"आणलंस बाबा, आणलंस," तो म्हणाला, आणि पेट्यांची दारं उघडायला गेला.